हाताने चालवायचा संगणकीय राऊटर: आगाऊ नोंदणी करावी की थांबावे?

लाकूडवेडा

नमस्कार. हाताने धरून चालवायचा, पण ज्याच्या बिटाची, म्हणजे फिरत्या कापणाऱ्या पात्याची, वाट संगणक क्षणोक्षणी दुरुस्त करत राहतो, असा लाकूड कोरण्याचा एक नवा राऊटर अलीकडे जाहीर झाला आहे. बनवणारी कंपनी नवी आहे, यंत्र अजून विक्रीला आलेले नाही आणि सध्या केवळ आगाऊ नोंदणी चालू आहे. आत्ता नोंदणी केली तर नंतरच्या किमतीच्या जवळजवळ दोन तृतीयांश रकमेत यंत्र मिळेल. मात्र ती रक्कम आजच पूर्ण भरावी लागेल आणि यंत्र हाती पडायला किमान वर्ष लागेल, असे कंपनीनेच लिहिले आहे. नोंदणीची मुदत महिनाअखेरीस संपते, त्याआधी जाणकारांचे मत घ्यावे म्हणून हा प्रश्न.

माझ्या कामाविषयी थोडे सांगतो, कारण त्यावाचून उत्तर देणे कठीण जाईल. सुतारकाम हा माझा व्यवसाय नाही, पण सुट्टीचा बहुतेक वेळ त्यातच जातो आणि ओळखीच्या लोकांना कपाटे, पेट्या, छोटी टेबले करून देतो. साधा राऊटर, रंधे आणि पटाश्या वापरण्याचा चांगला सराव आहे. सर्वाधिक वेळ खाणारी कामे दोन: दारांच्या आणि झाकणांच्या बिजागऱ्यांसाठी खाचा पाडणे, आणि पेटीच्या झाकणात वेगळ्या रंगाच्या लाकडाची नक्षी जडवणे. नक्षी बदलली की फर्मा, म्हणजे राऊटरला वाट दाखवणारा साचा, नवा कापावा लागतो, आणि फर्म्यातली चूक जशीच्या तशी लाकडात उतरते. टेबलावर बसणारे सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने आपोआप कापणारे, यंत्र घेण्याचा विचार केला होता, परंतु ते कायमची जागा अडवते आणि तयार दार त्यावर ठेवता येत नाही.

कंपनीच्या चित्रफितींत सगळे काम फार सफाईदार दिसते. प्रत्यक्षात हे यंत्र हाताला किती लवकर बसते, जडावकामाला लागणारी अचूकता त्यातून खरोखर मिळते का, आणि मुख्य म्हणजे जे यंत्र अजून कोणी वापरलेले नाही त्यासाठी पूर्ण रक्कम आधी भरणे शहाणपणाचे आहे का, हे मला समजून घ्यायचे आहे.

गुण्या

या जातीचे यंत्र मी बराच काळ वापरत आहे, त्यामुळे त्या नव्या कंपनीविषयी नाही, तरी या तंत्राविषयी मी खात्रीने बोलू शकतो. कल्पना मुळात नवी नाही. अमेरिकेतील एमआयटीमध्ये अलेक रिव्हर्स, इलन मोयर आणि फ्रेडो ड्युरँड यांनी या पद्धतीवरचा शोधनिबंध २०१२ साली सिग्राफ या संगणक-चित्रणाच्या परिषदेत मांडला. त्याच कामातून पुढे शेपर ही कंपनी उभी राहिली आणि ऑक्टोबर २०१६मध्ये तिने ओरिजिन या यंत्राची आगाऊ नोंदणी सुरू केली. २०१९ साली, हत्यारे बनवणारी फेस्टूल ज्या समूहाची आहे त्या टीटीएस टूलटेक्निक सिस्टिम्सने ही कंपनी आपल्याकडे घेतली. म्हणजे तुम्ही ज्या यंत्राचा विचार करत आहात, त्याच्या जातीचे एक यंत्र बरीच वर्षे कार्यशाळांमधून चालत आलेले आहे आणि त्याचे गुणदोष सर्वांना ठाऊक झालेले आहेत. नव्या यंत्राची पारख त्याच्या शेजारी ठेवूनच करायला हवी. नुसत्या चित्रफितींवरून ती होणार नाही.

कामाची रीत अशी. लाकडावर किंवा त्याच्या बाजूला काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची चिकटपट्टी थोड्या थोड्या अंतरावर लावायची. डोमिनोच्या सोंगट्यांसारखे दिसणारे हे ठिपके यंत्राचा कॅमेरा वाचतो. सुरुवातीला यंत्र सगळ्या जागेवरून एकदा फिरवले की त्या पट्ट्यांचा नकाशा त्याच्या स्मृतीत तयार होतो, आणि पुढे आपण लाकडावर नेमके कुठे आहोत हे त्याला सतत कळत राहते. मग पडद्यावर दिसणारा आराखडा, म्हणजे बहुतेक वेळा एसव्हीजी या रेषाचित्रांच्या प्रकारातली फाइल, लाकडाच्या चित्रावर हवा तिथे सरकवून ठेवायचा. कापताना तुम्ही यंत्र रेषेच्या आसपास ढकलत न्यायचे. तुमचा हात एकदोन मिलिमीटर इकडेतिकडे गेला तरी आतल्या मोटारी बिटाला पुन्हा रेषेवर आणतात. ही दुरुस्ती एका छोट्या वर्तुळापुरतीच होऊ शकते. तुम्ही त्या वर्तुळाबाहेर गेलात की बिट आपोआप वर उचलले जाते, आणि लाकूड बचावते.

म्हणूनच तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर, हात बसायला वेळ लागत नाही. साधा राऊटर ज्याने फिरवला आहे त्याला पहिल्या काही कापांतच अंदाज येतो. मेहनत लागते ती कापण्याआधीच्या तयारीला, आणि ती चित्रफितीत बहुधा दाखवत नाहीत.

बिजागरीचेच उदाहरण घेऊ. दाराची कड अरुंद असते आणि यंत्राचा तळ रुंद. यंत्र कडेवर नुसते ठेवले तर ते एका बाजूला कलते आणि खाचेचा तळ तिरका होतो. त्यासाठी दाराच्या दोन्ही अंगांना अगदी त्याच पातळीवर आधाराच्या फळ्या घट्ट बांधाव्या लागतात. त्या फळ्या अर्ध्या मिलिमीटरनेही खालीवर असल्या तर खाचेची खोली त्या प्रमाणात फसते, कारण यंत्र खोली मोजते ती आपल्या तळापासून. शिवाय कॅमेऱ्याला पट्ट्या दिसाव्यात म्हणून समोरच्या बाजूला आणखी मोकळा पृष्ठभाग हवा. माझ्याकडे याकरिता एक कायमचा सांगाडा केलेला आहे. त्यात दार उभे अडकवले की काम खरोखर झपाट्याने होते. सांगाडा नसेल तर एका बिजागरीसाठी हे सगळे मांडण्यापेक्षा पटाशीने खाच पाडणे लवकर होईल.

जडावकामात मात्र या यंत्राचे सोने होते. पण तिथेही अचूकता केवळ यंत्रावर अवलंबून नसते, बिटाचा खरा व्यास किती यावरही ती ठरते. समजा बिटावर ६ मिलिमीटर लिहिले आहे, तुम्ही यंत्राला तेच सांगितले, आणि प्रत्यक्षात बिट ५.९ मिलिमीटरचे आहे. यंत्र बिटाचा मध्य रेषेपासून ३ मिलिमीटर आत ठेवील, पण धार पोहोचेल २.९५ मिलिमीटरपर्यंतच. त्यामुळे खाच ०.१ मिलिमीटरने अरुंद होईल, जडवायचा तुकडा बाहेरून कापताना तो ०.१ मिलिमीटरने मोठा होईल, आणि दोन्ही मिळून ०.२ मिलिमीटरची अडचण उभी राहील. एवढ्या फरकाने कठीण लाकडाचा तुकडा खाचेत बसत नाही. म्हणून टाकाऊ तुकड्यावर आधी कापून पाहायचे, व्हर्निअरने मोजायचे आणि यंत्रातला आकडा त्याप्रमाणे बदलायचा. पहिला काप रेषेपासून ०.३ ते ०.५ मिलिमीटर दूर ठेवून घ्यायचा आणि शेवटचा हलका काप बरोबर रेषेवर. एवढी शिस्त पाळली तर सांध्यात नख शिरणार नाही इतके जडावकाम होते, हे मी अनुभवाने सांगतो.

नक्षीचे आतले कोपरे नेहमी बिटाच्या त्रिज्येइतके गोल येतात, ३ मिलिमीटरचे बिट असेल तर दीड मिलिमीटर, हेही आराखडा काढतानाच ध्यानात ठेवा. टोकदार कोपरा हवा असेल तर शेवटी पटाशी घ्यावीच लागते.

शिसवी

गुण्या यांनी तंत्र उत्तम समजावले आहे. मला त्याआधीचा प्रश्न विचारायचा आहे: तुमच्या कामात नक्षी दरवेळी बदलते की तीच तीच पुन्हा येते?

बिजागऱ्या सहसा ठरावीक मापाच्याच असतात. त्यांच्यासाठी १२ मिलिमीटर एमडीएफचा, म्हणजे लाकडाच्या तंतूंपासून दाबून केलेल्या फळीचा, एक चांगला फर्मा आणि त्याच्या कडेला टेकून चालणारे बेअरिंगचे बिट पुरेसे आहे. फर्मा नीट जपला तर तो वर्षानुवर्षे चालतो आणि दाराच्या कडेवर चिमट्याने बांधताही येतो. तुम्ही लिहिलेल्या दोन कामांपैकी एक अशा रीतीने फार थोड्या खर्चात सुटते. उरते जडावकाम. तिथे दर पेटीला वेगळी नक्षी असेल, अक्षरे असतील, वेलबुट्टी असेल, तर संगणकाची मदत फार मोलाची आहे. पण नक्षी ठरलेल्या पाचसहाच असतील, तर फर्मे आणि जडावकामासाठी मिळणारा बुशचा, म्हणजे राऊटरला फर्म्याच्या कडेने नेणाऱ्या कड्यांचा, संच घेऊन हेच काम आजच सुरू करता येईल.

अचूकतेविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. अखंड लाकडाची फळी ऋतूप्रमाणे ओलावा घेते आणि सोडते. साधारण ३०० मिलिमीटर रुंदीच्या, वाढीच्या कड्यांना स्पर्शरेषेत चिरलेल्या फळीतला ओलावा ४ टक्क्यांनी बदलला, तर जातीप्रमाणे कमीअधिक, पण सुमारे ३ मिलिमीटर एवढा रुंदीत फरक पडतो. छोट्या नक्षीला त्याने काही होत नाही, परंतु झाकणाच्या रुंदीभर पसरलेली नक्षी, तीही लाकडाच्या रेषांना आडवी, यंत्राने कितीही काटेकोर कापली तरी कालांतराने उकलते. ज्याला लाकूड नीट वाळवण्याची आणि चिरण्याची दिशा ओळखण्याची सवय आहे, त्यालाच त्या काटेकोरपणाचा लाभ होतो.

आराखडा

मी यंत्राविषयी लिहीत नाही, नोंदणीविषयी लिहितो, कारण मूळ प्रश्न तोच आहे.

साधा राऊटर विकत घेतला आणि उद्या त्याची कंपनी बंद पडली तरी राऊटर चालत राहतो. कार्बन ब्रश आणि बेअरिंग दुसऱ्या कोणाचे तरी बसवता येतात. तुम्ही ज्याचा विचार करता आहात त्या यंत्राची गोष्ट अगदी वेगळी आहे. त्याचे डोळे आणि मेंदू सॉफ्टवेअरमध्ये आहेत. ठिपक्यांची पट्टी कंपनीकडूनच घ्यावी लागत असेल, आराखडे कंपनीच्या सर्व्हरवरूनच यंत्रात उतरवावे लागत असतील, किंवा यंत्र सुरू करण्यासाठी खाते उघडणे सक्तीचे असेल, तर कंपनी टिकते तोवरच यंत्र टिकते. सवलतीच्या आकड्याकडे पाहताना ही बाजू सहसा नजरेआड होते, आणि माझ्या मते सर्वाधिक वजन तिलाच द्यायला हवे.

ज्यांची माहिती सर्वांना उपलब्ध आहे अशी दोन उदाहरणे देतो. ग्लोफोर्ज या लेझर कापणी यंत्राची आगाऊ नोंदणी २०१५ साली झाली आणि ३० दिवसांत सुमारे २ कोटी ७९ लाख डॉलर जमा झाले. यंत्र खोटे नव्हते, ते पुढे खरोखर तयार झाले आणि लोकांनी त्यावर चांगली कामेही केली; परंतु वेळापत्रक वारंवार पुढे सरकले आणि नोंदणी केलेल्यांपैकी पुष्कळांच्या हाती ते २०१७ आणि २०१८मध्ये पडले. आराखड्यावरची प्रक्रियाही कंपनीच्या सर्व्हरवर होत असल्यामुळे इंटरनेट नसेल तर काम अडते. दुसरे उदाहरण मॅस्लो या भिंतीवर टांगून चालणाऱ्या सीएनसी यंत्राचे. त्याची लोकवर्गणी २०१६ साली झाली. त्याचा आराखडा आणि सॉफ्टवेअर दोन्ही खुले होते, त्यामुळे मूळ मंडळींनी संच विकणे थांबवल्यावर इतरांनी ते बनवून विकले आणि आधीचे संच वापरणारेही उघड्यावर पडले नाहीत. दोन्हींतला फरक लक्षात घ्या. उशीर कुठेही होऊ शकतो, आणि हाडाचे कारागीरसुद्धा उत्पादनाचा अंदाज चुकतात. पण यंत्र हाती आल्यावर ते आपले आहे की भाड्याचे, हे कंपनीच्या धोरणावर ठरते आणि ते आजच विचारून घेता येते.

दुसरे असे की आगाऊ नोंदणी म्हणजे खरेदी नव्हे. लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर तर तुम्ही एका प्रयत्नाला पाठबळ देत असता. वस्तू पोहोचली नाही तर संकेतस्थळ पैसे परत करायला बांधील नसते. कंपनीने स्वतःच्या संकेतस्थळावर नोंदणी घेतली असेल तर परताव्याची अट लेखी असायला हवी: कोणत्या टप्प्यापर्यंत नोंदणी रद्द करता येते, पैसे परत मिळतात की पुढच्या खरेदीसाठी जमा धरले जातात, आणि ठरलेली तारीख उलटली तर ग्राहकाचा हक्क काय. क्रेडिट कार्डाने पैसे भरले तरी बँकेकडे तक्रार करण्याला मुदत असते आणि वर्षभर लांबलेल्या वस्तूच्या बाबतीत ती पुष्कळदा आधीच संपून गेलेली असते.

भुसकट

वरची सर्व सावधगिरी मला मान्य आहे, तरीही दुसरी बाजू कोणीतरी मांडायला हवी.

अशा एका यंत्राची आगाऊ नोंदणी मी केली होती. ठरलेल्या तारखेपेक्षा पुष्कळ उशीर झाला, परंतु यंत्र आले, चांगले आले, आणि त्या सवलतीमुळेच मला ते परवडले. पूर्ण किमतीला मी ते कधीच घेऊ शकलो नसतो. शिवाय पहिल्या ग्राहकांच्या म्हणण्याला कंपनी विशेष मान देते. आरंभी माझ्या यंत्राचा कॅमेरा भुशाने भरलेल्या पट्टीवर गोंधळत असे, आम्ही पाचदहा जणांनी तसे कळवले, आणि पुढच्या सुधारणेत तो दोष बराच कमी झाला. ज्याला एखादे यंत्र घडताना पाहण्यात रस आहे त्याच्यासाठी हा मोबदलाही मोठा आहे.

भुशाविषयी मात्र लाकूडवेडा यांनी गंभीरपणे विचार करावा. साध्या राऊटरमध्ये भुसा हा केवळ त्रास असतो. इथे तो यंत्राला आंधळा करतो. एमडीएफचा पिठासारखा भुसा पट्टीवर बसला की कॅमेऱ्याला ठिपके दिसत नाहीत आणि काप अर्ध्यावर थांबतो. यंत्राला चांगल्या ओढीचा व्हॅक्यूम जोडणे म्हणूनच अनिवार्य आहे, आणि तो तुमच्याकडे नसेल तर त्याचा खर्च यंत्राच्या किमतीत आजच मिळवा. लाकडाच्या भुशाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे, तेव्हा व्हॅक्यूमवरचा खर्च कोणत्याही परिस्थितीत वाया जात नाही. प्रकाशाचीही काळजी घ्यावी लागते. चकचकीत पॉलिश केलेल्या पृष्ठभागावरून येणारी तिरीपही कॅमेऱ्याला चकवते.

आणखी एक. मोठ्या क्षेत्रफळाची उथळ खाच हातानेच रेघेरेघेने पोखरावी लागते. टेबलावरचे सीएनसी हे काम तुम्ही जवळ उभे राहून नुसती देखरेख करत असताना करते. इथे यंत्राचे वजन तुमच्या खांद्यांवर आणि मनगटांवर येते. ओरिजिनचे वजन साडेसहा किलोच्या आसपास आहे. टेबलावर ठेवून सरकवायला ते जड वाटत नाही, पण उभ्या पृष्ठभागावर, भिंतीलगत, ते धरून काम करणे दमवणारे आहे.

एवढे सगळे धरूनही माझे मत असे की, जी रक्कम वर्ष दीड वर्ष अडकली तरी घरखर्चावर किंवा दुसऱ्या कामावर परिणाम होणार नाही, आणि ती बुडालीच तर मनाला लागेल पण संसार हलणार नाही, एवढी असेल तर नोंदणी जरूर करावी. कर्ज काढून किंवा हाती असलेला चांगला राऊटर विकून करू नये.

लाकूडवेडा

सर्वांचे मनापासून आभार. आराखडा यांनी सुचवल्याप्रमाणे मी कंपनीला पत्र लिहिले आणि त्यांनी तत्परतेने उत्तर दिले, ही जमेची बाजू.

उत्तराचा आशय असा: आराखडे पेनड्राइव्हवरून यंत्रात घेता येतील, परंतु पहिल्यांदा सुरू करताना खाते उघडून इंटरनेटला जोडणे आवश्यक राहील. पट्टी त्यांच्याकडूनच घ्यावी लागेल. उत्पादन सुरू होईपर्यंत पैसे पूर्ण परत मिळतील, त्यानंतर नाही. मात्र उत्पादन कधी सुरू झाले असे धरायचे, हे अटींत कुठेही स्पष्ट केलेले नाही. कंपनी बंद पडली तर सॉफ्टवेअर खुले करण्याविषयी विचारले होते, त्यावर "सध्या तसे काही ठरलेले नाही" एवढेच लिहिले आहे.

शिसवी यांच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर बिजागऱ्यांची मापे खरोखर तीनच आहेत, त्यामुळे त्यांचे फर्मे मी लगेच करून टाकतो. नक्षी मात्र प्रत्येक पेटीला वेगळी असते. बहुतेकांना नाव किंवा आद्याक्षरे हवी असतात, आणि देवनागरी अक्षरांची वळणे हाताने फर्म्यात उतरवणे हेच माझे सर्वांत किचकट काम आहे.

गुण्या

देवनागरी अक्षरांचे म्हणालात म्हणून एक विशेष सूचना. फाइलमध्ये अक्षरे अक्षरे म्हणून ठेवू नका. त्यांचे बाह्यरेषांत रूपांतर करूनच यंत्रात घाला. नाहीतर काही यंत्रांत मात्रा आणि वेलांट्या वेगळ्याच ठिकाणी जाऊन बसतात किंवा जोडाक्षरे तुटतात. शिवाय अक्षर आणि शिरोरेषा जिथे मिळतात तिथे बाह्यरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात; त्या जोडून एकच सलग आकार करावा लागतो, नाहीतर यंत्र शिरोरेषेच्या आतूनही काप घेते. त्या नव्या कंपनीकडे एखादे "श्री" किंवा "क्ष" असलेले नाव बाह्यरेषांत बदलून पाठवा आणि त्यांच्या नमुना यंत्रावर कापून त्याची अखंड, न कापलेली चित्रफीत मागवा. पट्टी लावण्यापासून तुकडा खाचेत बसेपर्यंत सगळे एकाच दृश्यात दिसले पाहिजे. ज्यांचे यंत्र खरोखर तयार आहे त्यांना हे जड जाणार नाही.

त्याच पत्रात विजेविषयीही विचारून घ्या. १२० व्होल्टच्या पुरवठ्यासाठी बनवलेले यंत्र २३० व्होल्टवर लावता येत नाही, आणि तेवढी शक्ती पेलणारा रूपांतरक बोजड असतो. बिट धरणाऱ्या चकमध्ये कोणत्या जाडीचे दांडे बसतात, पाव इंच की ८ मिलिमीटर, हेही पाहा. तुमच्या जवळची बिटे त्यात बसत नसतील तर तो आणखी एक खर्च झाला.

आराखडा

कंपनीचे उत्तर प्रामाणिक आहे, आणि तेवढ्यामुळेच त्यातून निर्णय घेता येतो. पट्टी एकाच ठिकाणाहून, खाते सक्तीचे, सॉफ्टवेअरचे भविष्य अनिश्चित आणि परताव्याची मर्यादा संदिग्ध: या चारही गोष्टी एकत्र असताना पूर्ण रक्कम भरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. थोडी अनामत घेऊन नाव नोंदवण्याची सोय त्यांनी दिली असती तर मी वेगळा सल्ला दिला असता. सवलत गेली तरी यंत्र कुठे जात नाही. पहिल्या तुकडीची यंत्रे लोकांच्या कार्यशाळांत काही महिने चालली की त्यांचे खरे रूप कळेल, आणि भुसकट यांनी सांगितलेल्या सुरुवातीच्या दोषांतले बरेचसे तोवर दूर झालेले असतील.

लाकूडवेडा

पटले. "उत्पादन सुरू झाले" याचा अर्थ त्यांनी मुदतीपूर्वी लेखी कळवला आणि गुण्या यांनी सुचवलेली चित्रफीत पाठवली, तरच पुन्हा विचार करीन. एरवी या वेळी नोंदणी करणार नाही. दरम्यान एका सामायिक कार्यशाळेत ओरिजिन तासाच्या भाड्याने मिळते असे कळले आहे. अक्षरांची एक पेटी तिथे करून पाहण्याचा विचार आहे, म्हणजे हे तंत्रच मला मानवते की नाही हे तरी समजेल. तिथे गेल्यावर आधी काय तपासावे?

गुण्या

पेटीला हात लावण्यापूर्वी टाकाऊ एमडीएफमध्ये ५० मिलिमीटर बाजूचा चौकोन आतून कापा आणि त्याच मापाचा दुसरा चौकोन बाहेरून कापा. आतल्या कापाला यंत्र घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आणि बाहेरच्या कापाला उलट दिशेने न्या, म्हणजे बिट लाकडाला धरून पुढे उसळणार नाही. दोन्ही चौकोन उभे, आडवे आणि कर्णांवर मोजा. उभे आणि आडवे माप सारखेच चुकत असेल तर बिटाचा व्यास दुरुस्त करून भागेल. दोन मापांत आपापसात फरक येत असेल तर पट्ट्या अपुऱ्या आहेत किंवा नकाशा घेताना एखादी हलली आहे. पट्ट्या वाढवून नकाशा नव्याने घ्या. त्यानंतर यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा, त्याच चौकोनावर आराखडा परत आणा आणि शेवटचा हलका काप घ्या. बिटाने कुठेही नवीन लाकूड खरवडले नाही, तर अक्षरे कापायला घ्या.